वरचे त्याचे, खालचे माहे

देवळी नाक्यावरच्या त्या मिस्त्रीले सरळ उत्तर द्याची सवयच नाई. आधी चिंधीनं हात पुसते, मंग म्हणते, "पाहू." पाहू म्हणजे हो का नाई, हे मले आजवर समजलं नाई.

माह्या भाजीच्या ट्रकचा सायलेन्सर इंजिनापाशी फुटला, तवा तो म्हणे, "काका, नवा पाइप स्टडवर बसवू. स्टड इंजिनात तसाच राह्यते, फक्त नट खोलाचा. बोल्ट घडीघडी काढला तं इंजिनाचे आटे जाते."

आटे गेले तं ट्रक घरी बसला, हे मलेबी माहीत होतं. तरी बोललो, "बोल्टच टाक. तू जन्मायच्या आधीपासून ट्रक चालवून राह्यलो मी."

त्यानं हात पुसले. "पाहू." आन वरच्या बाजूले स्टड, खालच्या बाजूले बोल्ट बसवले! "वरचे माहे, खालचे तुमचे. आधी कोणाचे ढिले होते, सांगजा."

परवा ट्रक नाक्यावर ठेवून बाजारात गेलतो. परत आलो तं हा इंजिनापाशी वाकून पाना फिरवत होता. खालच्या बाजूले, माह्याच बोल्टावर.

"काऊन रे, ढिले झालते का?"

त्यानं हात पुसले. "दोघायचेबी टाइट हायेत, काका."

मंग पाना कायले फिरवत होता? माहे ढिले झालेले बोल्ट गुपचूप कसून माही लाज राखून राह्यला का काय? मी ट्रक चालू केला आन निंगालो.

तवापासून रोज सकाळी खालचे बोल्ट हलवून पाहतो. वरच्या स्टडाले हात लावाची काही हिंमत होत नाई; ते न कसताच टाइट निंगाले तं?