सोन्याच्या नाण्यावरचं तान्हं बाळ

थ्रेप्टॉस रोमच्या टांकसाळीतला गुलाम. वीस वर्षं तो ठशांवर देवदेवता उलट्या कोरत आला होता. सोन्यावर घाव बसला की त्या सुलट उमटायच्या. सम्राटाला मुलगी झाली, तेव्हा नाण्याच्या मागच्या बाजूला तान्हं घेतलेली सुफलता देवी काढायचा हुकूम आला.

मेणातला नमुना त्यानं घरी नेला. बायको सोटेरिस सुईण होती.

"हे बाळ आहे की तेलाची बुधली?" ती म्हणाली. "असं धरलं तर मान मोडेल पोरीची."

तिनं पाव फडक्यात गुंडाळून हातावर घेतला, पंजा मानेखाली पसरून. थ्रेप्टॉसनं नीट बघितलं, मग स्वतः धरून बघितला.

मुकादम पुडेन्सला नवा ठसा पटला नाही. "देवीचा पंजा केवढा हा! नाजूक कर."

थ्रेप्टॉसनं आजवर कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. "मालक, हात लहान केला तर बाळाची मान लोंबेल."

"तुला रे काय कळतं त्यातलं?"

"मला नाही. बायकोला कळतं, सुईण आहे ती."

मुकादमानं ठसा उजेडात धरला. "मग तिलाच धाड उद्यापासून कामाला," म्हणाला, आणि पंजा तसाच राहिला.

चार महिन्यांनी सम्राटाची ती मुलगी तापानं गेली. ठसा घासून टाकायचं काम थ्रेप्टॉसवरच आलं. कानशीखाली आधी बाळ गेलं, मग हात.

दुपारी तो घरी मसुरीच्या कालवणापुढे नुसता बसून राहिला. सोटेरिसनं विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं.

"चार महिने," ती म्हणाली. "आपली अकरा दिवस होती."

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नवा सम्राट गादीवर आला होता, नाण्यांची घाई होती, कारागिरांना घरी सोडत नव्हते. थ्रेप्टॉस परतला तेव्हा पाळणा रिकामा होता. त्यानंतर त्या मुलीबद्दल दोघं चकार शब्द बोलले नव्हते.

"कशी होती गं ती?" त्यानं विचारलं.

सोटेरिसनं वाटी बाजूला सारली. "कान तुझे, असे बाहेर आलेले. रडायची कमी, शिंकायचीच फार."

त्याला हसू आलं, आणि हसता हसताच तो रडायला लागला. ती सांगत राहिली.

टांकसाळीत परतायला त्याला बराच उशीर झाला. मुकादमानं दारातच अडवलं. "कुठे होतास?"

"घरी," थ्रेप्टॉस म्हणाला. "आमच्या मुलीबद्दल बोलत होतो."