भट्टी पाडली त्याच्या दुसऱ्या दिवशी

मी बीडच्या एका लहानशा संस्थेत काम करते. बेकरीवाले, इस्त्रीवाले, वीटभट्टीवाले, खवा करणारे अशा छोट्या धंद्यांना लाकूड-कोळसा कमी जाळायला लावायचं, हे आमचं काम. सांगायला सोपं आहे. समोरच्या माणसाचे केस त्या धंद्यात पिकलेले असतात आणि आपण चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन त्याला शिकवायला गेलेलो असतो, ही त्यातली खरी गोम. मला ती फार उशिरा कळली. तोवर उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असाच माझा कारभार होता.

लिंबागणेशच्या पुढे डोंगरपट्ट्यात एक मावशी खव्याची भट्टी चालवायच्या. तिकडच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध डेअरीपर्यंत जाईस्तोवर नासतं, म्हणून ते गावातच आटवून खवा करायचा, ही तिथली जुनी रीत. मावशी आणि त्यांचे मालक आधी दरवर्षी ऊसतोडीला जायचे. मोळ्या वाहून मालकांची पाठ गेली. मग मावशींनी भट्टी घातली आणि हातातला कोयता खाली ठेवला. वस्त्यांवरची माणसं त्यांच्याकडे दूध घालत होती तोवर भट्टी होती. ती माणसं दुसरीकडे वळली असती, तर मावशी आणि त्यांची सून दिवाळीनंतर पुन्हा फडात गेल्या असत्या. हे मला पहिल्याच भेटीत त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

मी त्यांना पंख्याची शेगडी आणून दिली. सोयाबीनचा भुसा आणि कपाशीच्या पऱ्हाटीचा चुरा दाबून केलेल्या कांड्या तिच्यात जळतात. विजेवरचा लहान पंखा खालून हवा मारतो, धूर जवळजवळ नाही. पंधरा दिवस ती जुन्या भट्टीच्या शेजारी मांडून चालवली. खवा पांढराशुभ्र पडला. मधून मधून लाईट जायची, तेव्हा मावशी कढई उचलून जुन्या भट्टीवर ठेवायच्या. मी वहीत लिहिलं, "तात्पुरती अडचण." शेगडीला बॅटरी मिळणार होती, ती यायची होती.

मग मी म्हटलं, "मावशी, आता जुनी भट्टी पाडा."

"कावून? राहू द्या की. खाती का काय ती?"

"ती उभी राहिली की तुम्ही परत लाकडाकडं वळणार. दहा ठिकाणी पाहिलंय मी."

पाहिलं होतं दोन ठिकाणी. तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेनं पहार घातली आणि दोन तोंडांची ती भट्टी तासाभरात मातीचा ढीग झाली. मी खूश होते. त्या ढिगाकडे मावशी पाहत होत्या ते मला दिसलं.

त्याच संध्याकाळी गावातल्या दुसऱ्या भट्टीवाल्याचे वडील वारले. मयताला घराघरातून लाकूड द्यायची पद्धत आहे. मावशींच्या अंगणात बाभळीची मोठी रास होती. ती आता लागणारच नव्हती, तसं मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांनी सगळी रास स्मशानात पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडीचं काम पाहायला पोहोचले, तर अंगणात मोटारसायकलींची रांग. रोज चार कॅन दूध यायचं, त्या दिवशी नऊ. सुतक असलेल्या घरची भट्टी तेरा दिवस पेटत नाही. पेटवली तरी देवळापुढचे पेढेवाले त्याचा खवा घेत नाहीत. म्हणून त्याच्याकडे दूध घालणारे सगळे मावशींकडे आले होते.

"एवढं घेऊ नका," मी त्यांच्या कानाशी लागले. "शेगडी एका वेळी एकच कढई ओढते."

"मयत झालेल्या घरची गिऱ्हाईकं हायती ती. माघारी लावू व्हय?" त्या म्हणाल्या. "उद्या माझ्या घरात कुणी मेलं तर माझं दूध कोण घेईल?"

त्यांनी नऊच्या नऊ कॅन उतरवून घेतले. शेगडी पेटली, पहिली कढई चढली, सून लांब दांड्याच्या उलथण्यानं ढवळायला लागली. दूध जेमतेम उकळी धरत होतं, तेवढ्यात पंखा थांबला. शेगडीतून पिवळा धूर निघाला आणि आग खाली बसली.

मी वायरमनला फोन लावला. "डीपी जळालीय, ताई. आज कुठली होतीय? उद्याच्याला बघा."

एप्रिलचं ऊन, सकाळचे नऊ वाजलेले, आठ कॅन भरलेले. मावशींनी कॅनवर ओली पोती टाकली आणि ते सावलीला ओढले. मी आपली बॅटरीवाल्या कंपनीला फोनवर शिव्या देत अंगणभर फिरत होते. मावशी कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर आल्या. आतापर्यंत त्या मला ताई म्हणायच्या, तुमी म्हणायच्या.

"पोरी, फोन ठिव. कुदळ धर."

गावजेवणाला खणतात तसा लांब चर आम्ही खणायला घेतला. मावशींनी रोजच्या वाऱ्याची दिशा धरून त्याचं तोंड पश्चिमेला केलं. सुनेनं दोन कॅन उचलून शेजारपाजारच्या घरी गॅसवर एकेक उकळी आणायला नेले. उकळी आली की दूध थोडा वेळ धरतं. पण त्या गल्लीत कितीसे गॅस, आणि पातेली तरी केवढी! माझ्या तळहातांना फोड आले. जमीन मुरमाड, कुदळ उसळून परत यायची. दर थोड्या वेळानं मावशी एकेका कॅनमधलं पळीभर दूध वाटीत तापवून बघायच्या. आम्ही दोघी त्या वाटीकडे डोळे लावून उभ्या राहायचो आणि दूध न फाटता उकळलं की पुन्हा खणायला लागायचो.

चर झाला. लाकूड नव्हतंच. गोवऱ्या आणि काटक्या घालून त्यावर माझ्या कांड्या रचल्या. पण पंख्याशिवाय त्या नुसत्या धुमसत राहिल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मी पुठ्ठा घेऊन वारा घालत होते आणि मनात स्वतःला जी नावं ठेवत होते ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. कुणी मला भट्टी पाडायला सांगितली नव्हती. कुठल्या नियमात नव्हतं. माझीच हौस.

"वारं सुटंल," मावशी म्हणाल्या. "अकराच्या पुढं सुटतं."

साडेदहाच्या सुमाराला वाटीतलं दूध फाटलं. एक कॅन गेला. थोड्या वेळानं दुसरा. मावशींनी ते दोन्ही कॅन भिंतीआड नेऊन ठेवले. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग डोंगरावरून वारं आलं. चराच्या तोंडातून शिरलं आणि कांड्या लालबुंद झाल्या. एका चरावर तीन कढया बसल्या. मावशी, सून आणि मी, तिघी तीन कढयांवर. हात थांबला की दूध तळाला लागतं, करपतं, आणि मग सगळीच कढई वाया. दुपारी तीनपर्यंत मी हात थांबवला नाही. सात कॅनांचा खवा पडला, थोडा तांबूस, पण खवाच.

आम्ही शेवटची कढई उतरवत होतो, तेव्हा दुसरा भट्टीवाला आला. डोकं भादरलेलं, अंगावर उपरणं. सुतकामुळं कुंपणाच्या आत आला नाही.

"मावशी, लाईट नव्हती म्हणं. माझ्या लोकांचं दूध आटलं का समदं?"

"आटलं," मावशी म्हणाल्या. "थेंब वाया गेला न्हाई."

मी मान खाली घातली. मावशींनी मला नजरेनं दाबलं होतं. बाप गेलेल्या माणसाला आज कशाला सांगायचं, एवढंच त्या नजरेत होतं. आणि दूध नासल्याची बातमी वस्त्यांवर गेली तर उद्या कोण येणार, हेही असेल.

त्यानं शेगडीकडे पाहिलं. चर तिच्या पलीकडे होता, त्याला नीट दिसत नव्हता. "लाईट न्हाई तरी नऊ कॅन वढले म्हंजी लई भारी चीज हाय की. ताई, तेरावं झालं की आमची बी भट्टी पाडून टाकतो. आमाला बी द्या एक."

त्या वर्षी मला पाच भट्ट्या बदलून दाखवायच्या होत्या. एक झाली होती, दुसरी कुंपणाबाहेर हात जोडून उभी होती. मला फक्त हो म्हणायचं होतं. आणि मी हो म्हटलं असतं, तर मावशींचा शब्दही राहिला असता.

"पाडू नका," मी म्हटलं. "दोन कॅन नासले. भिंतीमागं आहेत. शेगडी बंद पडली, मावशींनी चर खणून बाकीचं वाचवलं. भट्टी मी पाडायला लावली होती, त्यांची चूक नाही."

मावशींच्या हातातलं उलथणं कढईवर आपटलं. "तुला कुणी इचारलं होतं गं?" त्या माझ्यावर खेकसल्या. सून मागं सरली. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि कुंपणाकडे न बघता म्हणाल्या, "व्हय. दोन नासले. तुझ्या बापाच्या सुतकात तुला खोटं बोलले बघ मी."

तो कुंपणाच्या काठीवरची साल नखानं काढत उभा राहिला. मग गेला. मावशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

रात्रभर मला वाटत होतं, मी एका बाईच्या हातात पुन्हा कोयता दिला. सकाळी सहाला मी तिथं पोहोचले. मावशी आणि सून दुसरा चर खणत होत्या. माझ्याकडे पाहून मावशींनी तोंड फिरवलं. मी कुदळ उचलली. सातच्या सुमाराला पहिली मोटारसायकल आली, मग दुसरी. आम्ही तिघी खणायचं थांबून मोजत उभ्या राहिलो. नऊ कॅन आले.

शेवटच्या मोटारसायकलवाल्यानं मागं बांधलेला बाभळीचा भारा सोडला आणि चराशेजारी टाकला. "भट्टीवाल्यानं धाडलाय," तो म्हणाला. "तुमचं लाकूड त्याच्या बापाला गेलतं म्हणाला."