झिजायचे राहून गेलेले टायर

प्रणय गेला ही बातमी मला उमरेडहून नागपूरला येताना बसमध्ये कळली. आमच्या वर्गातल्या मयूरचा फोन होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं, आणि बसच्या आवाजात मला नीट ऐकू येत नव्हतं, तरी कळलं. शेजारी आमच्याच मोहल्ल्यातले एक गृहस्थ बसले होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "काय झालं गा?" मी म्हणालो, कॉलेजमधला मित्र गेला. त्यांनी लगेच विचारलं, "हेल्मेट नव्हतं का घातलं?" मी म्हणालो, "डेंग्यू झाला होता त्याले." ते म्हणाले, "पण गाडी होती ना त्याच्याकडे?" ... त्या दिवसापासून हा प्रश्न मला कितीतरी लोकांनी विचारला. त्याच्या घरी तेरवीला त्याचे एक नातेवाईक सगळ्यांना सांगत होते की पोराला गाडीचा फार नाद होता. मी हळूच म्हणालो की तो तापानं गेला. ते म्हणाले, "हो, पण नाद होताच ना." मला असं काही लिहायची सवय नाही. पण निदान एवढं तरी कुठंतरी लिहिलेलं असावं, की प्रणय गाडीवरून पडून गेला नाही. तो गाडी जिथं चालवायला शिकणार होता, तिथं कधी पोचलाच नाही, आणि मला राग येतो तो त्याचाच.

आमची ओळख पहिल्या वर्षी कॉलेजच्या पार्किंगमध्ये झाली. मी वर्ग सुटून आलो तर एक मुलगा माझ्या मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून टायर निरखत होता. मला वाटलं, हवा सोडतोय. तो वर न पाहताच म्हणाला, "मधून पूर्ण घासला, बाजूनं एकदम कोरा. तू वळत नाही का बे कधी?" त्याचीही गाडी तीच होती, दोनशे सीसीची, जुनी विकत घेतलेली. मग बोलता बोलता कळलं की त्याचे बाबा उमरेडच्या खाणींतून कोळशाचा ट्रक चालवतात आणि आमच्या उमरेडच्या घरासमोरच्या रस्त्यावरूनच रोज जातात. त्यांच्या घरात कॉलेजला गेलेला तो पहिला, आमच्या घरात मी. हे आम्ही एकमेकांना सांगितलं नाही, पण ते कळायचं. फॉर्म भरायचा असो की सरांकडे सही घ्यायला जायचं असो, आम्ही दोघं आधी चार जणांना विचारायचो आणि तरी दारात घुटमळत उभे राहायचो.

ट्रॅक डेबद्दल त्यानंच मला सांगितलं. शहराबाहेर गो-कार्टिंगचा एक लहान ट्रॅक आहे. तिथं अधूनमधून एखाद्या रविवारी नवशिक्यांना आपापली गाडी घेऊन येऊ देतात. शर्यत नसते. एक शिकवणारा असतो, तो वळणावर नजर कुठं ठेवायची, ब्रेक कधी सोडायचा ते दाखवतो. समोरून ट्रक येत नाही, मध्ये गाय बसलेली नसते. प्रणय म्हणायचा, आपण एवढी वर्षं गाडी चालवतो पण आपल्याला कोणी शिकवलंच नाही, सगळं स्वतःच पाहून पाहून शिकलो. ते मला पटलं होतं. जायचं ठरलं. फक्त त्याला आधी टायर बदलायचे होते.

त्या टायरांनी आमचं डोकं खाल्लं. तर्री पोह्याच्या टपरीवर बसलो की तो मोबाइल काढायचा. मऊ रबराचा टायर रस्ता चांगला धरतो पण लवकर संपतो, कडक रबराचा खूप चालतो पण वळणावर भरवसा नसतो. शर्यतीचे गुळगुळीत टायर आपल्यासाठी नाहीत, ते तापल्याशिवाय पकडतच नाहीत आणि नवशिक्याच्या वेगाला ते तापत नाहीत. हे सगळं त्याला पाठ होतं. त्याला धरणाराही पाहिजे होता आणि टिकणाराही. मयूर एकदा वैतागून म्हणाला, "टायर घेऊन राहिला का पोरगी पाहून राहिला बे? किती पत्रिका पाहशील?" प्रणय हसला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला. मी तर ट्रॅकवर फोन लावून विचारलंही होतं. तिथल्या शिकवणाऱ्यानं साफ सांगितलं होतं की पहिल्यांदा येताय तर गाडीला आहेत तेच टायर पुरे, फार झिजलेले नकोत, भेगा नकोत, हवा इथं आल्यावर आम्ही बघून देऊ. मी हे प्रणयला सांगितलं तर म्हणाला, "तो सगळ्यांनाच असं सांगत असंल. तिथं गेल्यावर लोकं पाहतेच ना." ... तेव्हा मला खरं काय ते समजलं. टायर हा प्रश्नच नव्हता. ज्या ठिकाणी आपल्या घरातलं कोणी कधी गेलेलं नाही, तिथं चुकीची वस्तू घेऊन गेलो तर हसतील, ही भीती होती. ती मलाही आहे. पण मी म्हणत होतो, हसू दे, आपण जाऊ.

शेवटी त्यानं मऊ रबराचे टायर घेतले. ते घरी आणले तेव्हा मी सोबत होतो. काका, म्हणजे त्याचे बाबा, नुकतेच ट्रक लावून आले होते. त्यांनी टायर फिरवून पाहिला आणि विचारलं, "किती चालते हा?"

"बाबा, हा जास्त चालाचा नाही. हा रस्ता धरते."

"जो लवकर घासते त्याले चांगला म्हणते का कोणी?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या गाडीचा टायर घासला का त्याच्यावर पुन्हा रबर चढवतो आम्ही. हे तुमचं उलटंच हाय."

मला वाटलं, आता तरी हे टायर गाडीला लागतील. पण प्रणय म्हणाला, रोज कॉलेजला जाण्यातच संपून जातील, ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी बसवू. काकांना हे फार पटलं. चांगली वस्तू जपूनच वापरायची, ते म्हणाले. माझ्याही घरी हेच चालतं. पाहुणे आले की कपाटातून नवे ग्लास निघतात, ते गेले की पुसून परत आत. टायर वरच्या टिनाच्या खोलीत गेले. मग कधी पाऊस आला, कधी परीक्षा आली, कधी त्याच्या बहिणीचं लग्न आलं, कधी नुसतंच "पुढच्या वेळी नक्की" आलं. त्या खोलीत उन्हाळ्यात पाय ठेववत नाही, आणि टायरांनी तिथं दोन उन्हाळे काढले. मी चिडायचो. तो शांतपणे म्हणायचा, "पहिल्यांदा जाचं तं नीट जाऊ ना बे." यावर्षी पावसाळा संपता संपता त्याला ताप आला. मी तेव्हा गावी होतो. दोनदा फोनवर बोलणं झालं. दुसऱ्यांदा म्हणाला, बरा झालो की दिवाळीनंतर जाऊच.

तेरवीनंतर काही दिवसांनी काकांनी मला बोलावलं. प्रणयची गाडी त्याचे मामा घेऊन गेले होते. काकांनी मला वरच्या खोलीत नेलं आणि टायर दाखवले. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, ते अजून तसेच होते. "तुझ्या गाडीले बसते ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बसतात. "मंग घेऊन जा. त्या ट्रॅकवर फिरवून आण एकदा."

काकू जिन्यातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता ह्या पोराले पाठवता का तिथं?"

काका म्हणाले, "मच्छर तं घरातच होता ना वं." काकू बाजूला झाल्या, आणि आम्ही एकेक टायर खाली आणला.

मी ते बसवून घेतले आणि पुढच्या ट्रॅक डेला गेलो. मयूर सोबत आला. तिथं पोचल्यावर मी आधी काय केलं असेल, तर लोकांच्या टायरांकडे पाहिलं. एक जण रोज पार्सल पोचवतो त्याच गाडीवर आला होता, मागची पेटी तेवढी काढली होती. दोघंतिघं माझ्यासारखेच कॉलेजचे होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं, सगळे आपापल्या भीतीत होते. शिकवणाऱ्यानं माझ्या टायरमध्ये नख रोवून पाहिलं आणि विचारलं, "नवे दिसतात, पण कडक झालेत. कुठे ठेवले होते?" मी सांगितलं, टिनाच्या खोलीत. "नागपुरात? उन्हाळ्यात?" तो थोडा हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, "चालतील. पण हळू जा, यांच्यावर फार विसंबू नका. आधीचे होते तेच राहू द्यायचे होते." ... ज्या टायरांसाठी तो थांबला, ते टायरसुद्धा त्याच्यासाठी थांबले नव्हते. मी फेऱ्या मारल्या. एका वळणावर मागचं चाक किंचित सरकलं आणि मी वेग कमी केला. पण त्यानंतरच्या फेरीत त्याच वळणावर नजर पुढं ठेवली, आणि गाडी आपोआप वळली. इतकं सोपं होतं. इतकं सोपं होतं, प्रणय...

संध्याकाळी नंदनवनला प्रणयच्या घरी गेलो. काका वाटच पाहत होते. "कसे होते गा टायर?" चांगले होते म्हणायचं असं मी रस्ताभर ठरवत आलो होतो. पण त्यांनी वाकून टायरवर हात फिरवला, अंगठ्यानं दाबून पाहिलं, तेव्हा मला खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं की उन्हानं कडक झाले होते. काकांनी हात काढून घेतला. मग म्हणाले, "जपून ठेव म्हणून मीच तं म्हटलं होतं त्याले."

मी निघालो. माझे जुने टायर खोलीवर पडून आहेत, ते उद्या परत बसवून घेईन आणि हे आणून देईन, असं मी म्हणालो. काकांनी मान हलवली. "आता आणू नको इकडं. घास त्याले. पूर्ण घास."

नंदनवनहून हुडकेश्वरला माझ्या खोलीवर जायला सरळ रस्ता आहे. मी रिंग रोडनं मोठा वळसा घालून गेलो. आता कॉलेजमधून येतानाही रोज तसाच वळसा घालतो.