वन्संच्या पानातला मासा

फुसी नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, तोआकासेला, आयुष्यभर जेवू घालत आली, आणि त्यातला एकही घास तिने मायेने वाढला नाही. माया करावी असं तोआकासेत काही नव्हतंही. पण आमच्या हाआपाई बेटांवर आत्यापुढे कोणाचं काही चालत नाही. लग्नात, मयतात सगळ्यांच्या वरची चटई तिची, सगळ्यात मोठं डुक्कर तिचं. ती रुसून उठून गेली की कार्य नासलंच समजा. तोआकासे हे कोणाला विसरू देत नसे.

फुसीचा नवरा सोसाया चर्चमध्ये गायचा. अंगाने दांडगा, खाण्याचा शौकीन. चाळिशी उलटली आणि त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, शेवटी रक्ताची उलटी होऊन तो गेला. पोट फुगून मेला म्हणजे चोरून पीत होता, असं आमचं शहाणं गाव समजतं. भावाच्या उशाला बसायचा मान तोआकासेचा, पण ती दारातच उभी राहिली.

"दारुड्याच्या उशाला मी बसत नाही," ती भरल्या घरात म्हणाली. "आणि त्याला बाटली कोण पुरवत होतं, तेही मला माहीत आहे."

सोसायाने दारूला कधी हात लावला नव्हता. फुसीने शपथा घेतल्या, भांडली. कोणी ऐकलं नाही. तिचा मुलगा सिमोटे 'दारुड्याचा पोरगा' म्हणूनच वाढला. तरी दर रविवारी फुसी नणंदेकडे जेवण पोचवायची. अळूच्या पानात नारळाच्या दुधासकट बांधून भट्टीत शिजवलेलं मेंढीचं मटण, आणि त्यातलाही सगळ्यात चरबीचा तुकडा. रीतच होती तशी.

यंदा राजधानीहून, नुकुआलोफाहून, यकृत तपासणारे लोक आले. गावात किती जणांच्या यकृतात चरबी साचते, ते त्यांना शोधायचं होतं. चर्चच्या हॉलमध्ये यंत्र मांडलं. तोआकासेने पिशवी धरायला फुसीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या बरगडीवर यंत्र टेकवलं, सुजलेले पाय दाबून बघितले.

"मावशी, यकृत निबर झालंय. सिरोसिस. पोटात पाणी धरलंय."

"तोंड सांभाळून बोल! मी जन्मात दारू प्यायले नाही."

"दारूचं कुठे म्हटलं मी? नुसत्या चरबीनेही होतं हे. घरात आणखी कोणाला झालं होतं?"

तोआकासेने तोंड भिंतीकडे फिरवलं. "कोणाला नाही," ती म्हणाली.

पिशवी हिच्या टाळक्यात घालावी, असं फुसीला वाटलं.

औषधं मिळाली, पथ्य मिळालं. मीठ बंद, चरबी बंद, गोड बंद. उकडलेला मासा खा. बाहेर येताच तोआकासेने फुसीचं मनगट धरलं.

"कुठे बोललीस तर याद राख. सिमोटेच्या लग्नात भर मांडवातून उठून जाईन."

"आणि पथ्य, वन्सं?"

"पथ्य केलं की लोक कारण विचारतात. मला नेहमीचंच वाढायचं."

म्हणजे ही बया खाऊन मरणार, पण खरं सांगणार नाही. ती गेली की सोसाया कायमचा दारुडा राहणार. फुसीने सांगितलं असतं तर दारुड्याच्या बायकोवर कोण विश्वास ठेवणार होतं?

लग्नाच्या दिवशी तोआकासे चटयांच्या थप्पीवर बसली. भाजलेलं डुक्कर चार जण उचलून आणत होते. त्यांच्या आधी फुसी पुढे झाली आणि तिने नणंदेपुढे ताट ठेवलं. बिनमिठाचा मासा आणि उकडलेला अळकुडीचा कंद.

सिमोटे धावत आला. "आई, काय करतेस? आत्या उठून जाईल!"

"सगळ्यांदेखत माझा अपमान?" तोआकासे म्हणाली.

"मग जा ना उठून. नाहीतर सांगा यांना, मासा का वाढला ते." लेकाचं लग्न तिने पणाला लावलं होतं.

तोआकासे अर्धवट उठली तसा अंगावरचा झगा ताणला आणि फुगलेलं पोट सगळ्यांना दिसलं. नवरीचा काका खदाखदा हसला. "अरे वा! भावाचंच पोट आलंय की! आत्याबाई, कुठली घेता तुम्ही?"

मांडवभर हसू पिकलं. तोआकासे ओरडली, "मी दारूचा थेंब घेतलेला नाही! डॉक्टरीणबाईंना विचारा! चरबीने होतं हे!"

"मग सोसायाला कशाने झालं होतं, वन्सं?"

हसणं थांबलं. तोआकासे खाली बसली.

"त्यानेही घेतली नव्हती," ती पुटपुटली.

"मोठ्याने."

"माझा भाऊ दारू पीत नव्हता!" तोआकासे किंचाळली. मग तिने मान खाली घालून मासा खाल्ला, आणि लग्न पार पडलं.

पुढच्या रविवारी फुसी पुन्हा मासाच घेऊन गेली.

"आता कशाला हे? हवं ते वदवून घेतलंस ना? का आता माया आली?"

"माया कसली!" फुसीने ताट पुढे सरकवलं. "पांगाई गावात, फोआ बेटावर, सगळीकडे तो दारुडा होता असं सांगत फिरलात. तिथेही तुम्हीच जाऊन सांगायचं. तोवर मी तुम्हाला मरू देत नाही. खा."