ट्रॉली मागे घेताना

गेम खेळायला कॉम्प्युटर कुठला घ्यावा, असं दीक्षाला कुणी विचारलं की ती आधी त्या माणसाला बसायला खुर्ची द्यायची. उत्तर लांबणार हे तिला ठाऊक असायचं.

कासेगावची ही दीक्षा, वय चौतीस, जवळच्याच एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ऑपरेटर. बाप केरू एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला मेकॅनिक. बंद पडलेली वस्तू फेकायच्या आधी उघडून बघायची, हा त्याचा शिरस्ता पोरीत उतरला होता. तिचा कॉम्प्युटरही असाच जमवलेला. डबा कुणीतरी भंगारात काढलेला, ग्राफिक्स कार्ड सांगलीतल्या एका बंद झालेल्या फोटो स्टुडिओचं, आणि पंखा बापानं वंगण घालून जिवंत केलेला. वर विंडोजऐवजी फुकटातली लिनक्स प्रणाली.

लिनक्सवर तिचा जीव, आणि मतं म्हणाल तर पोतंभर. कार्ड घ्यायचं तर ते चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, ज्याचा लिनक्सच्या पोटातच येतो तेच घ्यायचं, नाहीतर दर अपडेटला स्क्रीन काळी आणि आपण डोक्याला हात लावून बसलेले. विंडोजसाठी बनवलेले बरेचसे गेम आता प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरच्या जोरावर लिनक्सवर बिनबोभाट चालतात. जे चालत नाहीत ते आपल्या नशिबात नव्हते समजायचं. स्वतः गेम बनवायचा तर गोडो हे गेम-इंजिनच हत्यार, फुकट आणि हलकं, शिवाय आतलं सगळं उघडून बघता येतं. आणि सगळ्यात ठाम मत हे, की मोबाईलवरचा गेम हा गेमच नव्हे. बोटानं काच पुसायचं काम ते.

दोन वर्षं ती सुट्टीच्या दिवशी एकच गेम बनवत होती. काट्याच्या खिडकीतून रोज दिसायचं तेच त्यात होतं. उसानं भरलेली ट्रॉली, तिच्यापुढं ट्रॅक्टर, आणि मागं घेऊन अचूक लावायची जागा. पुढं चालताना ट्रॉली शहाण्यासारखी यायची. मागं घेतली की वेड्यासारखी उसळायची, मधला जोड रबरासारखा ताणला जायचा. सगळ्या सेटिंग बदलून झाल्या, गुण येईना.

तिला हंबीररावांची आठवण झाली. नेर्ल्याचे हंबीरराव यार्डात ट्रॉली मागं घ्यायला लागले की बाकीचे ड्रायव्हर विड्या विझवून बघायचे. पण या हंगामात ते आलेच नव्हते. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा जयराज फौजेत, त्याची पोस्टिंग लांब. ट्रॅक्टर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभा.

रविवारी दीक्षा जुना लॅपटॉप घेऊन नेर्ल्याला गेली. हंबीरराव पडवीत कॉटवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, दोन बटणं दाबली आणि हसायलाच लागले.

"आगं पोरी, ही ट्रॉली हाय का साबणाची वडी? कशी घसरतीया बघ!"

"आवं आबा, तेच तर कळंना. चुकतंय कुठं?"

"चाक गोल फिरतंय. आडवं सरकतंय व्हय कवा? तुजी ट्रॉली मदनं फिरतीया. खरी ट्रॉली चाकावर फिरती." त्यांनी काठी उचलून जमिनीवर रेघ ओढली. "ट्रॉलीचं बूड उजवीकडं न्यायचं तर स्टेअरिंग आदी डावीकडं. ती वळाय लागली की आपण तिच्यामागनं जायाचं. तिच्याशी भांडायचं न्हाई."

दीक्षानं वाकून ती रेघ निरखली. इतके दिवस ती गोडोतला तयार जोड वापरून तोच दुरुस्त करत बसली होती. घरी येऊन तिनं तो जोडच काढून टाकला. चाक आडवं सरकत नाही, एवढा एकच नियम धरून ट्रॉलीचा कोन स्वतः मांडला. दहावीच्या भूमितीपलीकडचं त्यात काही नव्हतं. ट्रॉली पहिल्यांदा सुतासारखी मागं गेली तेव्हा तिनं हाक मारून बापाला दाखवलं.

पुढच्या रविवारी हंबीररावांनी ट्रॉली एका दमात जागेवर लावली. "आता कशी माझी ट्रॉली दिसाय लागली," ते म्हणाले.

त्यांची सून अंकिता चहा घेऊन आली होती, ती तिथंच उभी राहिली.

"दीक्षाताई, ह्ये माज्या फोनवर चालंल का?"

"फोनवर?" दीक्षाच्या तोंडावर तिचं ठाम मत आलंच होतं.

"मला ट्रॅक्टर येतोय. नांगरट मीच केली औंदा. पण ट्रॉली मागं घ्यायची म्हटलं की धीर हुत न्हाई. आबांच्या ट्रॉलीचा कठडा मोडला तर? ह्याच्यात मोडला तरी कोण रागवणार न्हाई."

हंबीरराव सुनेकडं बघत राहिले. तिच्या मनात असं काही आहे, हे त्यांनाही नवीन होतं.

दीक्षानं मत गिळलं. गोडोतून फोनसाठी गेम काढणं अवघड नव्हतं, पण अंकिताच्या साध्या फोनवर तो उघडला आणि ट्रॉली थांबत थांबत चालायला लागली, जणू एकेक फोटो दाखवतंय कुणी. भारी कार्ड नसलं तरी गेम चालला पाहिजे, असं जगाला सांगणाऱ्या बाईचा स्वतःचाच गेम गुडघे टेकत होता. तिला लाज वाटली. मग तिनं सावल्या काढल्या, चिमणीचा धूर काढला, कौतुकानं रंगवलेली दोनशे उसाची पानं काढली. चित्र दाखवायचा गोडोतला सगळ्यात हलका पर्याय निवडला. उरला ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माती. तिसऱ्या खेपेला गेम लोण्यासारखा चालला, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा देखणा दिसत होता.

महिनाभर अंकिता धारा काढून झाल्या की फोन घेऊन बसायची. मग एका सकाळी तिनं मोकळ्या रानात ट्रॉलीची जागा आखायला विटा मांडल्या. हंबीरराव खुर्चीत, काठी हातात. पहिल्यांदा ट्रॉली वाकडी होऊन ट्रॅक्टरला भिडायला आली.

"फुडं घे! सरळ कर. पुन्यांदा!"

फोनमधलं स्टेअरिंग हलकं होतं, हे जड. आणि मानेला मागं वळून कळ लागत होती. पण हात मात्र योग्य बाजूला आपोआप जात होते. सातव्या खेपेला ट्रॉली विटांच्या मधोमध उभी राहिली.  काठी टेकून हंबीरराव उठले, ट्रॉलीपर्यंत चालत गेले आणि कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. दवाखान्यातून आल्यापासून एवढं अंतर ते पहिल्यांदाच चालले होते.

जानेवारीत हंबीररावांचा ट्रॅक्टर काट्यावर चढला. वजन घेताना दीक्षानं वर बघितलं. अंकितानं ओढणी डोक्याला घट्ट बांधली होती, नजर समोर. वजन झालं, ट्रॅक्टर यार्डात गेला. दीक्षाला जागा सोडता येईना, ती खिडकीतून मान लांब करून बघत राहिली. रांगेतले ड्रायव्हर उठून उभे राहिले. कुणी हसलं, कुणी "सावकाश वहिनी" म्हटलं. अंकितानं एकदा पुढं घेतलं, सरळ केलं, आणि ट्रॉली दोन वाहनांच्या मधल्या जागेत नेऊन लावली. कुठं घासलं नाही.

तानाजी नावाचा जुना ड्रायव्हर थेट काट्याच्या खिडकीशी आला.

"म्याडम, पोरगी कुटं शिकली ह्ये?"

"आबांनी शिकवलं. आन् थोडं ह्यानं." दीक्षानं फोन पुढं केला.

त्यानं खेळून बघितलं आणि तिसऱ्याच फेरीला ट्रॉली आडवी घातली. मागची रांग खिदळली. जेवणाच्या सुट्टीत सात-आठ जणांनी आपापल्या फोनवर गेम घेतला. तानाजीचं मात्र समाधान होईना. "एका ट्रॉलीचं काय घिऊन बसलाय, ट्रॅक्टरमागं दोन जोडा की! खरी गंमत तवाच हाय."

अंकिता रिकामी ट्रॉली घेऊन परत काट्यावर आली होती. तिनं ते ऐकलं आणि खाली वाकून म्हणाली, "जोडा ताई. पण आदी माज्या फोनवर टाका."

दीक्षानं रिकामं वजन घेतलं, पावती दिली आणि पावत्यांच्या कोऱ्या कागदावर दोन ट्रॉल्या काढून त्यांचे कोन लिहायला बसली.