ऐकणाऱ्याची जागा

तो छोट्या फिल्म बनवतो आणि त्यासाठी माझं भोसरीचं वर्कशॉप अधूनमधून रविवारी भाड्यानं घेतो. मी घासाघीस केली, की शांतपणे ऐकून घेतो. भांडायची मजाच जाते. शूटिंगमध्येही तसाच. बोलणारा राहतो बाजूला, कॅमेरा ऐकणाऱ्यावर. संवाद संपला तरी ‘कट’ म्हणायची घाई नाही.

मागच्या रविवारी सीन दोन भावांचा होता. लाइट लावेपर्यंत त्यानं थोरल्याच्या नटाऐवजी मला त्याच्या स्टुलावर बसवलं. समोरचा नट धाकट्याचा संवाद म्हणू लागला, "दादा, मी वेगळा होतो, पण..."

"जा की! अडवलंय कुणी?" मी उसळलो. माझा धाकटा वेगळं वर्कशॉप टाकायला चाकणला गेला, तेव्हाही त्याला ‘पण’वरच तोडून मी हेच बोललो होतो.

सगळे हसले. फिल्मवाला हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राव, तुम्हाला डायलॉगच नाही. फक्त ऐकायचंय."

नटानं वाक्य पुरं केलं. या वेळी मी ते शेवटपर्यंत ऐकलं.

भाऊ मला कसा सोडून गेला, हे मी सगळ्यांना सांगत आलोय. त्याच्या ‘पण’पुढं काय होतं, ते मला ठाऊक नाही.