उमरेडहून न आणलेला आवाज

आमच्या गेमचं पुढे काय झालं, असं कोणी विचारलं की माझं एक उत्तर ठरलेलं आहे — चित्रांचा घोळ झाला. बायकोला हेच सांगितलं, ऑफिसमधल्या लोकांना हेच. दुसरं उत्तर आजवर तोंडातून बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर मी आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघितलं असतं — याला आधीच काही कळलंय का, कोणी सांगितलंय का — आणि मग विषय बदलला असता. ही सवय मला तेव्हापासूनच लागली.

शुभांगी माझ्या कॉलेजातली. तिचे वडील मूळचे उमरेडचे, विणकर. हातमाग विकून ते बुटीबोरीच्या कापडाच्या कारखान्यात लागले आणि घर नागपूरला, प्रताप नगरात आणलं. मी तेव्हा शहराबाहेर, वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसायचो आणि तिथेच मागच्या गल्लीत खोली करून राहायचो. नोकरी सांभाळून आम्ही दोघं गेम बनवत होतो, हौसेखातर. प्रोग्राम माझा, चित्रं तिची, आवाजही माझ्याकडे. गेम साधाच होता — विणकराचा धोटा असतो ना, आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळणारा, तो खेळणाऱ्याने चालवायचा. दोरा तुटू द्यायचा नाही, आणि जसजसं खेळत जाल तसतसा साडीचा काठ विणला जातो. ते काठ शुभांगीने काढले होते. तिच्या वडिलांनी विणलेल्या साड्यांचे तुकडे घरात जपून ठेवलेले होते, ते समोर ठेवून ती एकेक ठिपका भरायची. इतकं सुंदर काम मी आजही करू शकत नाही.

मग आम्ही एका स्पर्धेत नाव दिलं. हौशी लोकांची स्पर्धा. अट एकच — चित्रं, आवाज, सगळं स्वतःचं हवं.

आवाज राहिला होता. मागाचा आवाज. खोलीतच काही आपटून तसा आवाज काढावा, तर वाडीत रेकॉर्डिंगमध्ये ट्रकचे हॉर्नच यायचे, म्हणून ठरलं की रविवारी मी उमरेडला जाईन, अजून माग चालतो असं एखादं घर शोधीन आणि आवाज घेऊन येईन. मे महिना होता. बस स्टँडपर्यंत जाण्याचीही मला इच्छा झाली नाही. मी कूलरसमोर पडून राहिलो आणि इंटरनेटवर मागाचा आवाज शोधला. कोणा परदेशी माणसाने आपल्या गावातल्या मागाचा आवाज घेतला होता. फार स्वच्छ होता तो. खाली त्याने लिहिलं होतं, वापरायचा असेल तर मला विचारा. विचारायला काय लागत होतं? पण विचारलं असतं तर तो त्याचा आहे हे मान्य करावं लागलं असतं, आणि अट तर स्वतःचंच हवं अशी होती. मी उतरवून घेतला, थोडा संथ केला, गेममध्ये लावला. शुभांगीला सांगितलं, उमरेडहून आणला.

तिने तो घरी वडिलांना ऐकवला. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा काकांनी माझ्यासमोरच फोन कानाला लावला आणि तो आवाज दोनदा ऐकला. मग विचारलं, "कोणाच्या घरचा माग आहे गा हा?"

बस स्टँडच्या मागे एक म्हातारे आहेत, असं मी म्हणालो. नाव? नाव विचारायचं राहिलं. काका म्हणाले, तिकडे आता कोणाचा माग उरला असेल, आठवत नाही, एखाद्या दिवशी आपण जाऊ त्यांच्याकडे. हे ते सहज म्हणाले होते. आज मला हे कळतं. पण तेव्हा मला खात्री वाटली की यांनी ओळखलं. चहा देताना काकू माझ्याकडे बघत नव्हत्या — का? शुभांगीने त्या दिवशी गेमबद्दल एक शब्द काढला नाही — का? त्यानंतर मी त्यांच्या घरी जाणं टाळलं. फोन आला की आधी तिचा सूर कसा आहे ते ऐकायचो, आणि मग उत्तर द्यायचो.

पहिल्या फेरीत आमचा गेम निवडला गेला. आणि चारेक दिवसांत आयोजकांचा ईमेल आला — तुमच्या गेममधली चित्रं आणि आवाज तुमचेच आहेत ना, काही शंका असेल तर आताच कळवा.

काही शंका असेल तर. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. कोणी कळवलं असेल यांना? काकांनी? त्यांना ईमेल करता कुठून येणार? मग शुभांगीने? तिला कळलं असेल आणि तोंडावर बोलायची लाज वाटत असेल? तिच्याशी बोलायचं सोडून मी तिच्यावर पाळत ठेवायला लागलो. तिला एकदा विचारून पाहिलं, स्पर्धेवाल्यांशी काही बोलणं झालं का गं. ती म्हणाली, "नाही. काहून?" त्या 'काहून'मध्येही मला खोट दिसली.

आणि मग मी उत्तर लिहिलं. एकट्याने, तिला न कळवता. आवाज पूर्णपणे माझा आहे, असं लिहिलं. आणि त्याखाली — चित्रांबद्दल मात्र मी खात्री देऊ शकत नाही, काठांचे नमुने जुन्या साड्यांवरून उचललेले असावेत. 'असावेत' लिहिलं. ते तुकडे मी हातात घेऊन बघितले होते. तिला काठ काढताना शेजारी बसून बघितलं होतं.

आयोजकांनी शुभांगीला फोन करून एवढंच विचारलं, काठ तुमचे स्वतःचे आहेत का. ती खोटं बोलणारी नव्हतीच. तिने सरळ सांगितलं, हो, काठ माझ्या वडिलांच्या साड्यांवरचे आहेत, आणि वडील ते त्यांच्या काकांकडून शिकले. आमचा गेम बाद झाला.

संध्याकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बसला होता. "माह्यामुळे गेलं सगळं," ती म्हणाली. मग म्हणाली, तुझा आवाज तरी खरा होता रे. मी काय केलं? तेही ऐकून घेतलं. काकांनी हे ऐकून तिला विचारलं होतं म्हणे, काठ कधी एकट्या माणसाचा असते का वं? आणि कापडाचे ते तुकडे गोळा करून आत ठेवून दिले होते.

तिने चित्रं काढणं सोडलं. मी सोडलं नाही. पुढे मी आणखी गेम केले, एक-दोन बऱ्यापैकी चालले, आणि त्या जोरावर वाडीची नोकरी सुटून बरी नोकरी मिळाली.

गेल्या वर्षी नागपुरातच गेम बनवणाऱ्यांची एक बैठक होती. तिथे त्या स्पर्धेच्या आयोजकांपैकी एक भेटले. चहा पिताना मी हसत हसत विचारलं, तेव्हा आमची तक्रार कोणी केली होती हो? त्यांना आधी आठवेचना. मग म्हणाले, तक्रार कुठली, तो ईमेल तर पहिल्या फेरीतल्या सगळ्यांनाच पाठवला होता. तुम्हीच चित्रांबद्दल लिहिलंत म्हणून आम्हाला चौकशी करावी लागली, आणि जोडीदारालाच खात्री नाही म्हटल्यावर बाद करणं भाग पडलं. नाहीतर पारंपरिक काठांना आमची काहीच हरकत नव्हती.

म्हणजे कोणीच काही म्हणालं नव्हतं. काका नाही, काकू नाही, शुभांगी नाही. त्या साऱ्या जगात संशय घेणारा एकच माणूस होता.

पुढची गोष्ट हे कळल्यानंतरची आहे. इथवर सांगितलं ते तुम्ही एखाद्या घाबरलेल्या पोराचं म्हणून सोडूनही द्याल. हे पुढचं तसं नाही, म्हणून सांगतो. या दिवाळीच्या आधी प्रताप नगरच्या भाजीबाजारात शुभांगी भेटली. एका शाळेच्या ऑफिसात काम करते. काका रिटायर झालेत, म्हणाली, तब्येत बरी आहे. माझ्या नव्या गेमची चौकशी केली. मग हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, मला तुझ्याशी केव्हाचं बोलायचं होतं. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून द्यायला नको होतं मी, तुझी एवढी मेहनत वाया गेली. माफ कर मला.

बाजारात गर्दी होती, पण आमच्याजवळ कोणी नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला सगळं ठाऊक होतं — आवाज कोणाचा होता, ईमेल कोणी लिहिला होता, तक्रार कोणी केली नव्हती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "जाऊ दे वं. मी केव्हाचाच विसरलो."

तिने मान हलवली. तिला बरं वाटलेलं दिसत होतं. पिशवी उचलून ती निघून गेली. मी तिला माफ केलं होतं.